जॅझमध्ये सम कुठे असते?

शिकाऊ_तबलजी
लहानपणी पाच वर्षं तबला शिकलोय, घरात भीमसेन-कुमार कायम. जॅझ ऐकायचं ठरवलं आणि कुठल्याशा ‘सर्वोत्तम’ यादीतून जॉन कोलट्रेनची १९६५ची ‘असेन्शन’ लावली. चाळीस मिनिटं अकरा जण एका खोलीत वाटणीवरून भांडताहेत असं वाटलं. मग जरा सोपं काही लावलं, तर माझी टाळीच चुकते. मात्रा मोजतो, पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, म्हणून जिथे हात टाकावा तिथे काहीच नसतं. काय चुकतंय?

वसईचा_बाजा
यादी चुकली. ‘असेन्शन’ मीही वर्षातून एकदा लावतो, तीही घरी कुणी नसताना.

टाळीचं सांगतो. ड्रमवाल्याच्या डाव्या पायाखाली दोन झांजांची जोडी असते, हाय-हॅट. चार मात्रांत ती बहुतेक वेळा दोन आणि चारवर ‘चिक्’ करते. तुम्ही त्या ‘चिक्’ला एक धरत असणार. मी दोन वर्षं तेच करत होतो. आमच्या वाडीतले एक गोवेकर काका ट्रम्पेट वाजवायचे. शेवटी त्यांनी माझा हात धरून दोनवर मांडीवर आपटला, तेव्हा डोक्यात गेलं.

आता महिनाभर एकच चीज ऐका. माइल्स डेव्हिस, १९५९, ‘काइंड ऑफ ब्लू’ मधली पहिली, ‘सो व्हॉट’. सुरुवातीचा अर्धा मिनिट पियानो आणि बेस (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) लयीशिवाय घुटमळतात, आपल्या आलापासारखे. तो सोडून द्या. मग पॉल चेंबर्स त्याच बेसवर मुखडा म्हणतो आणि बाकीचे दोन स्वरसमूहांत ‘आ-मेन’ म्हटल्यासारखं उत्तर देतात.

मोजायचं असं: ३२ मात्रांची एक ओळ, अशा चार ओळी. पहिल्या दोन सारख्या, तिसरी अर्ध्या सुराने वर, चौथी परत खाली. १२८ मात्रांचं एक आवर्तन झालं. स्वर पाहिलेत तर गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे तुमचा काफी थाट. तिसऱ्या ओळीत तोच थाट सा सकट वर उचललेला.

तबला सोलोत लेहरा, म्हणजे आवर्तनाची तीच धून परत परत, चालू असतो म्हणून सम सापडते. इथे मुखडा एकदा वाजवून झाला की लेहरा बंद, तो ऐकणाऱ्याने डोक्यात चालू ठेवायचा. ट्रम्पेटवर माइल्स दोन आवर्तनं घेतो, मग सॅक्सोफोनवर कोलट्रेन, मग कॅननबॉल अ‍ॅडर्ली. पहिल्यांदा त्यांच्याकडे लक्षच देऊ नका, बेस धरा. तो मात्रेमात्रेला एक सूर टाकत चालतो.

एलाभक्त
बाजाभाऊ, एवढं मोजायला लावलंत तर पोरगं पळून जाईल. १९५६ची ‘एला अँड लुई’ लावा हो. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग, मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो. शब्द असले की मुखडा आपोआप लक्षात राहतो.

वसईचा_बाजा
मान्य. रात्री एला, सकाळी गणित. आणि जॅझ परकं वाटत असेल तर सी. रामचंद्रांची पन्नासच्या दशकातली नाचरी गाणी काढा. त्यांचे सहायक चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवाले, मूळचे गोव्याचे, मुंबईत जॅझ बँड चालवायचे. तुमचे कान तिथे आधीच तयार झालेत.

शिकाऊ_तबलजी
‘टेक फाइव्ह’चं काय? सगळे तेच सुचवतात.

वसईचा_बाजा
पाच मात्रा, तीन-दोन अशा. झपतालाचं दोन-तीन उलटं धरा. पॉल डेस्मंडची रचना आहे. तुम्हाला दहा मिनिटांत जमेल, म्हणूनच आधी सांगितली नाही.

शिकाऊ_तबलजी
नऊ दिवसांनी लिहितोय. दोनवर टाळी आता बसते. माइल्सची दोन्ही आवर्तनं बोटांवर पूर्ण झाली, तिसरी ओळ वर गेली तेव्हा लोकलमध्ये एकटाच हसलो. कोलट्रेनही निभावला. कॅननबॉल आला आणि दुसऱ्या ओळीतच मोजणं सुटलं, कारण तो फारच मजेत वाजवतो. परत पहिल्यापासून लावू, की मधूनच पकडायची काही युक्ती आहे?

वसईचा_बाजा
थांबा आणि सूर वर चढायची वाट बघा. चढला की समजा, तिसरी ओळ. तिथून मोजा.