‘लोकेशन टाका, सांबारवडी फुकट’ : दोन महिन्यांचा हिशोब मांडतो, मग भांडा

पाटोडीवाला

नागपुरात प्रतापनगरात माझं छोटं दुकान आहे. पाटोडी-रस्सा, वडाभात, रविवारी गोळाभात. टेबलं सहा, त्यातलं एक डुगडुगतं. दिवाळीनंतर भाच्यानं डोक्यात भरवलं, “मामा, आता लोक तोंडानं सांगत नाहीत, टॅग करून सांगतात.” म्हटलं, बघू. सांबार स्वस्त होता (पुण्या-मुंबईकडच्यांनी गोंधळू नये, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर), म्हणून काउंटरवर बोर्ड लावला : इथे बसून इन्स्टावर स्टोरी टाका, दुकानाचं लोकेशन लावा, एक प्लेट सांबारवडी फुकट.

बोर्डाशेजारी वही ठेवली अन् दर प्लेटीमागे एक रेघ मारली. दोन महिन्यांत एकसष्ट रेघा झाल्या. त्यातले परत आलेले, म्हणजे मला चेहऱ्यानं ओळखू आलेले, चार. त्या चारपैकी दोघं आधीपासूनच येत होते, बोर्ड नसता तरी आले असते.

पोरं येतात, ऑर्डरच्या आधी फोन काढतात, स्टोरी दाखवतात, वडी खातात, जातात. एकानं तं वडीचा शेवटचा तुकडा तोंडात असतानाच माझ्या डोळ्यादेखत स्टोरी डिलीट केली. वर म्हणतो, “काका, माझ्या फीडचा लुक बिघडते.” मी काय बोलू?

माझं मत सरळ आहे. माझ्यासारख्या दुकानाला या चेक-इनचा, म्हणजे ‘मी इथं आहे’ असं फोनवर जाहीर करण्याचा, उपयोग नाही. तेवढ्या पैशात बेसन चांगलं घ्यावं. ज्यांना वेगळं वाटते त्यांनी सांगावं, पण हवेत नको, धंद्याचं बोला.

तर्री_जास्त

एकसष्ट प्लेट सांबारवडी वाटून राहिला अन् आम्हाला पत्ताच नाही! हेच तुमच्या मार्केटिंगचं अपयश आहे भाऊ.

बर्डीकर

हिशोब प्रामाणिक आहे, पण चुकीच्या माणसाचा धरला. स्टोरी टाकणारा परत येतो की नाही, हे मोजून काय होणार? ती स्टोरी त्याच्यासाठी नसतेच. ती पाहणाऱ्या त्याच्या शंभर-दोनशे मित्रांतून कोण आलं, हे मोजायला पाहिजे होतं. नवीन गिऱ्हाइकाला “कुठं पाहिलं?” एवढं विचारलं का कधी?

दुसरं, बक्षीस पहिल्याच भेटीला दिलं. ही सगळी भानगड सुरू झाली तेव्हा उलटं होतं. २००९ मध्ये अमेरिकेत फोरस्क्वेअर नावाचं ॲप आलं. एखाद्या जागी मागच्या साठ दिवसांत सगळ्यात जास्त दिवस चेक-इन करणारा तिथला ‘मेयर’ (महापौर) व्हायचा. २०१० मध्ये स्टारबक्सनं असल्या मेयरांना फ्रापुचिनोवर एक डॉलर सूट दिली. म्हणजे मान कोणाला, तं वारंवार येणाऱ्याला. तुम्ही वडी दिली चुकून वाट वाकडी करून आलेल्याला, अन् रोज सकाळी येणारा बिचारा पूर्ण पैसे देऊन जातो. त्याला काय वाटलं असंल?

पाटोडीवाला

@बर्डीकर, रोजच्या माणसाचा मुद्दा लागला. एका आजोबांनी खरंच विचारलं होतं, “माझ्याकडे हा फोन नाही, मला वडी कधी?” त्यांना दिली. वहीत रेघ नाही मारली.

पण तुमचं फोरस्क्वेअर आता आहे कुठं?

बर्डीकर

२०१४ मध्येच त्यांनी चेक-इन वेगळं काढून ‘स्वार्म’ नावाच्या ॲपमध्ये टाकलं. जागा शोधायचं मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद केलं. मान्य, मेयरकीचा जोर ओसरला. पण जोर ओसरला म्हणून सवय संपली का? आता तोच माणूस स्टोरीला लोकेशन लावते, मॅपवर फोटो टाकते. चेक-इन म्हणत नाही एवढंच.

इतवारीचा_सावजी

तुम्ही लोक काहून एवढा विचार करून राहिले? आमच्या इथं दुपारी साडेबाराला जागा नसते. आमचा बोर्डसुद्धा अर्धा पुसलेला आहे, बाबांनी रंगवू दिला नाही. म्हणे रंगवला तं लोकांना वाटंल मालक बदलला.

अन् एक व्यावहारिक अडचण. सावजी जेवणाऱ्याचा उजवा हात रश्श्यात, डाव्या हातात रुमाल, नाकाडोळ्यातून पाणी. तो स्टोरी कोणत्या हातानं टाकंल?

चव असली की माणूस माणसाला आणते. बाकी सगळे चोचले.

पिनवाला

मी दुकानांचं सोशल मीडिया सांभाळायचं काम करतो. आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी “याचा यात धंदा आहे” म्हणायला नको. आहेच.

@इतवारीचा_सावजी, तुमच्याकडे साडेबाराला बसलेले लोक कोण असतात ते पाहिलं का? डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन नागपुरात भरते. मुंबईहून अधिकारी, पत्रकार, मंत्र्यांचे कर्मचारी, सगळे येतात अन् पहिल्याच संध्याकाळी ‘सावजी नियर मी’ टाकतात. पेंचला, ताडोबाला जाणारे विमानतळावर उतरल्या-उतरल्या तेच करतात. त्यांना तुमच्या बाबांचा पुसलेला बोर्ड माहीत नाही. ते फोनवर जे वर दिसंल तिथं जातात. वर काय दिसावं यासाठी गूगल तीन गोष्टी धरते : शोधलेल्या शब्दाशी दुकान किती जुळते, किती जवळ आहे, अन् त्याचा बोलबाला किती आहे. तिसऱ्यात रिव्ह्यू येतात. तुमच्या बाबांच्या चवीचे रिव्ह्यू लोक स्वतःहून लिहून राहिले, म्हणून तुम्हाला वाटते की काही करावं लागत नाही.

@पाटोडीवाला, तुमचा घोळ वेगळा आहे. तुम्ही प्रतापनगरातले. तुमचं ऐंशी टक्के गिऱ्हाईक पायी नाहीतर स्कूटीनं येणारं असणार (हा माझा अंदाज, आकडा म्हणून धरू नका). त्याला लोकेशन दाखवून काय उपयोग? ते त्याला पाठ आहे. त्याला पाहिजे ‘आज गोळाभात आहे का’. ते व्हॉट्सअॅपवर सांगा. बिझनेसचं वेगळं ॲप २०१८ पासून फुकट आहे. ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची यादी) एका वेळी २५६ जण बसतात. अट एकच : समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला पाहिजे, नाहीतर मेसेज पोचतच नाही. मला ही अट आवडते. ज्याला नको त्याच्या डोक्यावर तुम्ही बसू शकत नाही.

संत्रं

@पिनवाला, रिव्ह्यू स्वतःहून? आमच्या इकडे एका कॅफेत बिलाच्या फोल्डरमध्ये क्यूआर असते, ‘पाच स्टार द्या, ब्राउनी घ्या’. वेटर मागे उभा राहून पाहते की चार तं नाही दिले.

पिनवाला

ते चुकीचंच आहे अन् मी कोणाला करू देत नाही. सवलत देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमात बसत नाही, सापडलं की रिव्ह्यू उडतात. आपल्या मानक ब्युरोनंही नोव्हेंबर २०२२ मध्ये रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, त्यात विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नका असंच म्हटलं आहे. पाटोडीवाल्यांनी स्टोरी मागितली, मत नाही मागितलं. पोरानं स्टोरीत ‘वडी बेकार’ लिहिलं असतं तरी वडी मिळाली असती ना?

पाटोडीवाला

मिळाली असती. एकानं ‘रस्सा पातळ’ लिहिलं होतं. त्या दिवशी होताच पातळ.

मावशी_रामदासपेठ

मी धंद्यातली नाही, गिऱ्हाईक आहे, म्हणून वेगळंच बोलते. तुम्ही सगळे दुकानाला काय मिळालं तेच मोजताय. माझ्या भाचीचं सांगते. रोज कॉलेज सुटल्यावर मैत्रिणींबरोबर एकाच ठिकाणी चहाला जायची अन् रोज लोकेशन टाकायची, कारण दहा वेळा टाकलं की अकरावी कॉफी फुकट. तिसऱ्या आठवड्यात एक अनोळखी मुलगा बरोब्बर त्या वेळेला समोरच्या टपरीवर उभा राहायला लागला. काही झालं नाही, देवाची कृपा. पण पोरगी महिनाभर घरातून एकटी निघाली नाही. कॅफेवाल्याला सांगितलं, तर तो म्हणतो, “मॅडम, आम्ही जबरदस्ती थोडीच केली?”

हे नवीन नाही. २०१० मध्ये हॉलंडच्या काही तरुणांनी ‘प्लीज रॉब मी’ नावाची साइटच काढली होती. लोकांनी जाहीर टाकलेले चेक-इन एका ठिकाणी गोळा करून ते दाखवायचे, बघा, या माणसाचं घर आत्ता रिकामं आहे. चोरीसाठी नाही, शहाणं करण्यासाठी. पंधरा वर्षं उलटून गेली, आपण शहाणे झालो का?

आणि ते नंबर मागणं. पावाची लादी घ्यायला गेलं तरी ‘मॅडम, मोबाइल नंबर?’ मे २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयानं दुकानदारांना सांगितलं आहे की नंबरासाठी अडून बसू नका. मी प्रत्येक काउंटरवर हे ऐकवते. मागची रांग माझ्याकडे रागानं बघते, बघू दे.

बर्डीकर

मावशी, भाचीचं वाईट वाटलं. पण त्यात दोष लोकेशन टाकण्याचा की ‘तिथं बसूनच टाका’ या अटीचा? मी लोकेशन टाकतो, पण घरी आल्यावर, रात्री. दुकानाचं नाव तेवढंच पोचते.

मावशी_रामदासपेठ

तू पुरुष आहेस बाळा. रात्री टाकलं तरी ‘ही रोज इथं येते’ एवढं कळायला पुरतं. पण अटीचा मुद्दा मान्य. पाटोडीवाल्यांच्या बोर्डावर काय लिहिलंय, वर जाऊन वाच. ‘इथे बसून.’

पाटोडीवाला

मावशी, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याकडे मागच्या हॉस्टेलच्या पोरी येतात. बोर्ड आज संध्याकाळी काढतो. धंद्याच्या कारणानं काढणारच होतो, आता या कारणानं काढतो.

पण @पिनवाला, एक कबूल करतो. तुम्ही मॅपचं बोललात म्हणून काल पहिल्यांदा स्वतःचं दुकान शोधून पाहिलं. मिळालं रिंग रोडच्या पलीकडे, एका प्लायवुडच्या गोडाउनसमोर! पिन कोणी टाकली, कधी टाकली, काही पत्ता नाही. तेव्हा कळलं की डिलिव्हरीची पोरं मला फोनवर का ओरडतात. “काका, इथं नुसती प्लाय आहे!” मी दरवेळी त्यांनाच अडाणी म्हणत होतो. गाडीला वळण घेऊन यायला किती फिरावं लागते ते तिकडच्यांना माहीत आहे. वडीच्या एकसष्ट प्लेटा एकीकडे अन् असे किती लोक गोडाउनसमोरून परत गेले असतील ते एकीकडे. त्यांची वही कोणी ठेवली नाही.

पिनवाला

आता आलं ध्यानात! आधी गूगल मॅपवरची दुकानाची नोंद (लिस्टिंग) तुमच्या नावावर करून घ्या. आजकाल बहुतेकदा व्हिडिओ मागतात : रस्ता, आजूबाजूची दुकानं, तुमची पाटी, अन् दुकान तुमचंच आहे हे दाखवायला कुलूप उघडताना किंवा गुमास्ता (दुकानाचा परवाना) दाखवताना. एका दमात काढायचा, मध्ये कापायचा नाही. मग पिन सरकवा, वेळा टाका, सोमवारी बंद असाल तं तेही टाका. पैसे लागत नाहीत. मलाही देऊ नका.

इतवारीचा_सावजी

आम्ही पण आत्ता पाहिलं. आमचं ‘कायमचं बंद’ दाखवून राहिलं. बाबांना सांगू का नको?

तर्री_जास्त

सांग, पण जेवण झाल्यावर.

@पाटोडीवाला, रविवारी गोळाभाताला येतो. दुकान नेमकं कुठं?

पाटोडीवाला

व्हिडिओ पाठवला आहे. दोनदा काढावा लागला, पहिल्यात शटर अर्ध्यात अडकलं. पिन अजून पलीकडेच आहे, म्हणून रविवारी चौकात येऊन फोन करा. भाच्याला पाठवतो.