मदत हवी आहे: वर्डमध्ये फोटो जागेवर राहत नाहीत, चादरीच्या नक्ष्यांची पुस्तिका अडली आहे

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. आमचे अण्णा (वडील) अशोक चौकाकडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं जॅकार्डवर (पंच केलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर) होते. चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर उतरवायची आणि त्या ग्राफवरून कार्डं पंच करायची, हे काम त्यांच्याकडे होतं. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेतून त्यांचे २६ जुने ग्राफ निघाले. पेन्सिलीने भरलेले बारीक चौकोन, कडेला त्यांच्याच अक्षरात रंगांची नावं. त्यातल्या काही नक्ष्यांच्या चादरी अजून आमच्याकडे आणि नातेवाइकांकडे आहेत. म्हणून मी पुस्तिका करतेय: डावीकडे ग्राफ, उजवीकडे त्याच नक्षीच्या चादरीचा फोटो, खाली अण्णा सांगतात त्या पाच-सहा ओळी. वर्ड २०१६ वापरते.

आता अडचण. काल रात्री पान ७ वर ‘मोर’ खोडून ‘मोरांची जोडी’ केलं. एवढ्याने एक ओळ वाढली आणि खालचा ग्राफ उडी मारून पान ८ वर गेला. पान ७ अर्धं पांढरं, ८ वरचा ग्राफ ९ वर, आणि मजकूर मात्र होता तिथेच. शेवटी कमळाच्या ओळींना मोराचा ग्राफ चिकटला. दीड वाजेपर्यंत माऊसने ओढत बसले होते. एक फोटो जागेवर आणला की दुसरा हलतो.

हे नुसतं दिसायला वाईट असतं तर एवढी तगमग झाली नसती. ग्राफमधला एकेक चौकोन म्हणजे ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) कुठे वर, कुठे खाली याची खूण. उद्या कुणी ही पुस्तिका बघून कमळ विणायला बसला आणि समोर मोर आला, तर अण्णांच्या नावावर चुकीचं काम जाईल. ते ७४ वर्षांचे आहेत. स्क्रीनवर त्यांना दिसत नाही, छापलेलं पान भिंग धरून तपासतात.

‘इन लाइन विथ टेक्स्ट’ केलं तर फोटोची बोटभर पट्टीच दिसते, बाकीचा गायब. ‘स्क्वेअर’ केलं तर अक्षरं दोन फोटोंच्या फटीत घुसतात. ‘एंटर’ मारून मारून जागा केली होती, तीच आता अंगाशी आलीय. नव्या पेठेत एका दुकानात प्रिंट काढायला गेले तर तिथे फाइल उघडताच सगळंच सरकलेलं. फोटो खिळा ठोकल्यासारखे बसवायचे कसे? कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी फोटोवर क्लिक करा, समासाजवळ नांगराची छोटी खूण दिसेल. ती ज्या परिच्छेदाशी आहे त्याला तो फोटो बांधलेला असतो. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही जातो. तुम्ही फोटो ओढता तेव्हा नांगर नकळत दुसऱ्याच परिच्छेदाला जाऊन बसतो, म्हणून मोराचा ग्राफ कमळाकडे गेला.

तुमच्या कामाला तरंगते फोटो नकोतच. प्रत्येक नक्षीसाठी दोन रकान्यांचा टेबल घ्या. वरच्या ओळीत ग्राफ आणि चादर, दोन्ही ‘इन लाइन विथ टेक्स्ट’. खालची ओळ ‘मर्ज’ करून त्यात मजकूर. टेबलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ऑप्शन्स’ला जाऊन ‘ऑटोमॅटिकली रिसाइज टू फिट कंटेंट्स’ची खूण काढा, नाहीतर मोठा फोटो टाकताच रकाना फुगतो. शेवटी बॉर्डर ‘नन’.

पट्टी दिसते कारण तिथे ‘लाइन स्पेसिंग’ ‘एग्झॅक्टली’ आहे. ते ‘सिंगल’ करा, फोटो पूर्ण दिसेल. आणि ते सगळे एंटर काढून टाका. प्रत्येक नक्षीच्या आधी कंट्रोल-एंटर दाबून नवीन पान घ्या, म्हणजे मोराचं पान भरलं नाही तोवर कितीही ओळी वाढवा, कमळ हलायचं नाही.

प्रतिसाद २

वरचं अगदी बरोबर. दुकानात सरकतं त्याचं कारण बहुतेक फॉन्ट. तुमचा मराठी फॉन्ट त्यांच्याकडे नसेल तर वर्ड आपल्या मनाने दुसरा लावतो आणि ओळी बदलतात. कागदही बघा. फाइल ‘लेटर’वर असेल तर पान २७.९४ सेंमी उंच, आपला ए४ २९.७ सेंमी. कागद आधीच ए४ करा आणि दुकानात वर्डची फाइल न देता पीडीएफ न्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! माझं पान खरंच ‘लेटर’वर होतं. सहा नक्ष्या टेबलमध्ये बसवल्या. मोराच्या मजकुरात मुद्दाम चार ओळी वाढवून बघितल्या, ग्राफ तसूभरही हलला नाही. पीडीएफचं प्रिंट अण्णांना दिलं. भिंग फिरवत त्यांनी डाव्या कडेचे चौकोन मोजले आणि म्हणाले, “हा ग्राफ उलटा लावलायस, मोराचे पाय वर गेलेत.” इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता सरळ केलाय.

एकच राहिलं. किनारीचा एक ग्राफ दोन कागद चिकटवून केलेला आहे, फार रुंद. उभ्या पानात बसवला तर चौकोन दिसतच नाहीत. तेवढंच एक पान आडवं करता येतं का? मी ‘लँडस्केप’ केलं तर अख्खी पुस्तिका आडवी झाली.

प्रतिसाद १

येतं. त्या पानाच्या आधी आणि नंतर ‘लेआउट’, ‘ब्रेक्स’मधून ‘सेक्शन ब्रेक – नेक्स्ट पेज’ टाका. मग कर्सर त्या पानावर ठेवून ‘लँडस्केप’ करा, तेवढंच पान आडवं होईल. आणि ग्राफ टाकायच्या आधी ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर खूण करा. अण्णांच्या भिंगाखाली चौकोन स्वच्छ दिसले पाहिजेत.