लाइन कार्ड आपोआप रीलोड होतंय, लॉगमध्ये पॅरिटी एरर. कार्ड खराब की स्लॉट?

नाइटशिफ्ट_नाशिक:
मंडळी, एका छोट्या आयएसपीच्या नॉकमध्ये (नेटवर्कवर नजर ठेवणारी कंट्रोल रूम) आहे. आठ स्लॉटचा मॉड्युलर राउटर (खाचांमध्ये वेगवेगळी कार्डं बसवायचा), त्यातल्या स्लॉट ३ मधलं २४ पोर्टचं टेन गिग कार्ड मधूनच स्वतःहून रीलोड होतं, पाच-दहा मिनिटांत परत वर येतं आणि मग काही दिवस अगदी शहाण्यासारखं चालतं. पडायच्या आधी लॉगमध्ये मेमरी पॅरिटी एरर (मेमरीतला बिट चुकल्याची खूण) दिसतो, मग फॅब्रिक सीआरसी (कार्डांना आतून जोडणाऱ्या फॅब्रिकवर डेटा बिघडल्याचे एरर). शिवाय पोर्ट ० ते ७ वर इनपुट सीआरसी वाढतात, बाकी १६ पोर्ट स्वच्छ. साहेब म्हणतात कार्ड काढून परत बसव, संपला विषय. या कार्डावर लीज लाइनवाले कस्टमर आहेत, उगाच हात लावायला भीती वाटते. आधी काय बघू?

पॅकेट_पाटील:
आधी एक सांग, पॅरिटी एररसोबत मेमरीचा पत्ता येतो तो दर वेळी तोच असतो का वेगळा? आयुष्यात एकदा आला तर तो बहुतेक सॉफ्ट एरर, कॉस्मिक रेजमधून येणाऱ्या न्यूट्रॉनने एखादा बिट उलटतो, ऐकायला थाप वाटते पण खरंय. ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणारी मेमरी) असेल तर एक बिट गेला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो, दोन गेले तर फक्त कळतं, दुरुस्त होत नाही आणि कार्ड बऱ्याचदा स्वतःला रीसेट करतं. असं एकदाच झालं तर नोंद ठेव आणि लक्ष ठेव, आरएमए (कंपनीकडून कार्ड बदलून घेणं) मागू नकोस. पण तोच पत्ता पुन्हा पुन्हा येत असेल तर चिप गेली, तिथे चर्चा नको.

आणि ० ते ७ ही मला सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. एकाच पोर्टवर सीआरसी असते तर म्हटलं असतं ऑप्टिक (पोर्टमधला फायबरचा मॉड्यूल) बदल, पॅच कॉर्ड पूस, आरएक्स पॉवर म्हणजे येणारा प्रकाश किती ते बघ (लांब पल्ल्याच्या टेन गिग एलआर ऑप्टिकला उणे १४.४ डीबीएमच्या खाली गेलं की संपलं). पण आठ ऑप्टिक एकदम कशी खराब होतील? हे आठ पोर्ट एकाच चिपवर असणार, कार्डाचा ब्लॉक डायग्राम काढून बघ.

फॅब्रिकवाला:
पाटील बरोबर बोलतायत, पण फॅब्रिक सीआरसी सोडून देऊ नका. कोण कोणाबद्दल तक्रार करतंय ते बघायचं. सगळी कार्डं एकाच फॅब्रिक कार्डाच्या नावाने ओरडत असतील तर ते फॅब्रिक कार्ड गेलं. आणि एकटं स्लॉट ३ सगळ्या फॅब्रिक कार्डांवर एरर दाखवत असेल तर दोष कार्डात किंवा त्या स्लॉटच्या बॅकप्लेन कनेक्टरमध्ये (कार्ड मागे जिथे जोडलं जातं तो सॉकेट), आणि या दोघांतलं कोण हे लॉग वाचून कळत नाही, कार्ड दुसऱ्या रिकाम्या स्लॉटमध्ये टाकूनच कळतं. एरर कार्डाबरोबर गेला की कार्ड, तिथेच राहिला की चेसिस (राउटरचा सांगाडा). फक्त स्लॉट बदलला की इंटरफेसची नावं बदलतात, त्यामुळे कॉन्फिग आधी तयार ठेवा नाहीतर रात्री दोनला लॅगचे (अनेक लिंक एकत्र बांधलेल्या गटाचे) मेंबर शोधत बसाल.

जुनाजाणता:
साहेबांच्या त्या काढून बसवण्याबद्दल. ते करून कार्ड चालू झालं तरी कारण कळत नाही, वर पुरावा पुसला जातो. आधी शो टेक (राउटरच्या स्थितीचा सगळा रिपोर्ट) काढा, कार्डाच्या फ्लॅशवरची क्रॅश फाइल कॉपी करा, सिसलॉग (राउटरचे लॉग संदेश) बाहेरच्या सर्व्हरवर जातोय ना ते बघा. सपोर्टवाले पहिलं तेच मागतात.

दुसरं, जुनं हार्डवेअर असेल तर पॉवर सायकल करताना स्पेअर हाताशी असू द्या. २०१४ मध्ये सिस्कोने जाहीर केलं होतं की २००५ ते २०१० दरम्यान एका पुरवठादाराने बनवलेल्या काही मेमरी भागांत दोष आहे, चालू असताना काहीच दिसत नाही पण पॉवर बंद करून चालू केली की बोर्ड वर येत नाही. तुमचं कार्ड त्यातलं असेलच असं नाही, पण चालू गाडी बंद करायच्या आधी विचार करावा.

आणि कार्ड काढलंच तर ईएसडी स्ट्रॅप (अंगातली स्थिर वीज सोडणारा मनगटाचा पट्टा) लावून, टॉर्च मारून स्लॉटच्या आत पिना बघा. एक जरी वाकलेली दिसली तर त्यात चांगलं कार्ड चुकूनही घालू नका, तेही जाईल. बसवताना दोन्ही लिव्हर एकदम दाबा, स्क्रू पूर्ण आवळा. अर्धवट बसलेल्या कार्डाने भल्याभल्यांना फिरवलंय.

नाइटशिफ्ट_नाशिक:
अपडेट देतो. बाहेरच्या सिसलॉगमध्ये जुने एरर सापडले, पत्ता दर वेळी तोच. फॅब्रिक एरर फक्त स्लॉट ३ चे आणि सगळ्या फॅब्रिक कार्डांवर. काल रात्री मेंटेनन्स विंडो (दुरुस्तीसाठी ठरवून घेतलेला वेळ) घेऊन कार्ड स्लॉट ६ मध्ये टाकलं, स्लॉट ३ च्या पिना सरळ होत्या. पहाटेपर्यंत तोच पत्ता, तोच एरर, आणि सीआरसी परत ० ते ७ वरच. साहेबांना लॉग दाखवला, आरएमए टाकला. नवीन कार्ड आलं की थेट बसवू का?

फॅब्रिकवाला:
बसवा, पण ट्रॅफिक लगेच नको. बदली कार्डावर एफपीजीएचं (कार्डावरची प्रोग्रॅम करता येणारी चिप) फर्मवेअर बऱ्याचदा जुनं असतं, तुमच्या ओएसशी जुळत नसेल तर आधी अपग्रेड करा, त्यानंतर कार्ड रीलोड होतं हे धरूनच वेळ मागा. मग डायग्नोस्टिक चालवा आणि आधी कमी महत्त्वाची लिंक टाका. जुन्या कार्डातली ऑप्टिक काढून घ्यायला विसरू नका, कार्डाबरोबर गेली की परत मिळणं अवघड. आणि तोपर्यंत स्लॉट ३ उघडा ठेवू नका, ब्लँक प्लेट लावा, नाहीतर हवा तिथूनच पळते आणि शेजारची कार्डं तापतात.