ग्रंथपाल बदलला, वाचनालय चालू राहिलं का? विदर्भातल्या गावांचे अनुभव

आमच्या ओळखीतल्या बऱ्याच वाचनालयांत सध्या माणसं बदलत आहेत. जुने ग्रंथपाल थकले, कोणी शहरात मुलांकडे गेले आणि त्यांच्या जागी गावातलीच नवी मुलं-मुली बसली. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली आपली अ, ब, क, ड वर्गातली वाचनालयं सरकारी अनुदानावर चालतात, पण माणूस नेमते ती संस्थेची कार्यकारिणी. त्यामुळे जाणाऱ्याकडून येणाऱ्याकडे काय आणि कसं पोचतं, हे ज्याच्या त्याच्या जिव्हाळ्यावरच ठरतं. तुमच्याकडे काय झालं ते सविस्तर लिहा. तक्रार असेल तर तीही लिहा, फक्त कोणाचं नाव नको.

दारव्हा तालुका, यवतमाळ

आमचे जुने ग्रंथपाल काकाजी निवृत्त झाले आणि प्रभार, म्हणजे वाचनालयाचा ताबा, माझ्याकडे आला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा हातात देण्याआधी मला दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद असते ती वही, पानोपान दाखवली. प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक शीर्षकाच्या पानामागे असतोच, पण ते आणखी एका ठरलेल्या आतल्या पानावरही बारीक अक्षरात तोच क्रमांक टाकत. पुस्तकाचं पुठ्ठं गेलं, पहिली पानं वाळवीनं खाल्ली, तरी ते पान उघडलं की पुस्तकाची ओळख पटते. भिंतीला लागून असलेल्या रॅकमधली खालच्या फळीवरची पुस्तकं आम्ही अशीच ओळखून काढली. आता रॅक भिंतीपासून हातभर पुढे ओढलेत, पायांखाली फरशीचे तुकडे ठेवलेत.

प्रभार यादीवर दोघांच्या आणि अध्यक्षांच्या सह्या घेतल्या : दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, रोखकीर्द, कोरी आणि वापरलेली पावती पुस्तकं, ठराव पुस्तक, पोटनियमांची प्रत, मागच्या लेखापरीक्षणाचे अहवाल. वाचनालयांना पुस्तकं पुरवणाऱ्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाच्या योजनेतून आलेल्या ग्रंथांची यादी वेगळी केली, कारण तपासणीला आलेले साहेब ती हमखास मागतात.

यादीत नसलेली एक गोष्ट काकाजींनी तोंडी सांगितली. कोणत्या घरातली म्हातारी वाचनालयात यायची थांबली आहे आणि तिच्याकडे नातवाच्या हाती पुस्तक पाठवावं लागतं, हे सगळं. ते मी घरी येऊन वहीत लिहून काढलं. माझ्या मते प्रभारातला सगळ्यात मोलाचा ऐवज तोच.

वरुड तालुका, अमरावती

संगणकाचं सांगतो. आमच्याकडे आधीच्या ताईंनी हजारो पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये करून ठेवली होती, मोठं काम होतं ते. पण सगळी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. नव्या संगणकावर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ई-ग्रंथालय या वाचनालयाच्या संगणक प्रणालीत घ्यायची तर युनिकोडच लागतं, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसेल अशी अक्षरं. रूपांतर करणाऱ्या सुविधा मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून आम्ही कॉलेजच्या पोरांना बसवून एकेक नोंद पुस्तकाशी ताडून पाहिली. संत्र्याचा बहार चालू असताना पोरं मिळत नाहीत, उन्हाळ्यातच हे उरकून घ्या. नवीन माणूस कामावर आला की पहिल्याच दिवशी त्याचा कीबोर्ड युनिकोडवर करून द्या.

पवनी तालुका, भंडारा

आमच्याकडे बदल वेळेचा झाला. रोवणीच्या, म्हणजे धान लावणीच्या, दिवसांत संध्याकाळी कोणी फिरकत नव्हतं, सगळे चिखलातून थकून येत. नव्या ग्रंथपाल ताई स्वतः धानाच्या बांधीत राबणाऱ्या, त्यांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी कार्यकारिणीकडून रीतसर ठराव करून घेतला आणि रोवणी-कापणीच्या काळात वाचनालय सकाळी लवकर उघडायला लागलं. वेळ बदलली की फलकावर लावा आणि ठरावाची प्रत फाईलला ठेवा. तपासणीच्या वेळी दाराला कुलूप दिसलं तर खुलासा मागतात.

भामरागड तालुका, गडचिरोली

पर्लकोटा नदीला पूर आला की आमचा रस्ता तुटतो. म्हणून मृगाच्या आधीच पुस्तकांच्या पेट्या भरून पलीकडच्या गावांना पोचवतो. मासिकं, गोष्टींची पुस्तकं, भरतीची पुस्तकं. नवा मदतनीस माडिया, इथल्या आदिवासींची भाषा, बोलतो. तो मुलांना मराठी गोष्ट वाचून दाखवतो आणि मधेमधे माडियात समजावतो. तो आल्यापासून मुलं स्वतःहून येतात.

सेलू तालुका, वर्धा

अभ्यासिकेबद्दल लिहिते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, हीच पोरं आमचं वाचनालय दिवसभर भरतात. पूर्वी मुली चारच्या पुढे थांबत नसत. नेमणूक माझी झाली तेव्हा मी दोन गोष्टी मागितल्या : बाहेरच्या पायरीवर दिवा आणि वापरण्याजोगं स्वच्छतागृह. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "कावून बाप्पा, आतापर्यंत त लागलं नाही?" मी म्हटलं, काका, म्हणूनच मुली आल्या नाहीत. गावातल्या एका गवंड्यानं मजुरी न घेता बांधकाम करून दिलं. आता मुली दिवेलागणीनंतरही बसतात. परीक्षेची जाहिरात आली की मी तिची प्रत फळ्यावर लावते, शेवटची तारीख लाल खडूनं. वीज गेली तर चालावा म्हणून इन्व्हर्टर हवा आहे, त्यासाठी वर्गणी जमवणं सुरू आहे.

मूर्तिजापूर तालुका, अकोला

सगळे चांगलं लिहीत आहेत, वाचून बरं वाटलं. पण पगाराचं कोणीतरी बोललं पाहिजे. 2022 मध्ये परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला सरकार देतं ते, 60 टक्क्यांनी वाढवायचा निर्णय झाला, त्याचा उपयोग झाला, हे मान्य. तरी ड, म्हणजे सगळ्यात खालच्या, वर्गाच्या वाचनालयात त्यावर एका माणसाचं घर चालत नाही. अनुदान हप्त्यांनी येतं, मधल्या महिन्यांत किराणा उधारीवर. वेतनश्रेणीची मागणी आमच्या आधीच्या पिढीनं केली, आम्हीही करतो आहोत. मी आधी ज्या संस्थेत होतो तिथं सही एका रकमेवर घेत आणि हातात दुसरीच ठेवत. मी तिथून बाहेर पडलो. नव्यानं लागणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे : पगार बँक खात्यातच घ्या, नेमणुकीचं पत्र लेखी घ्या, आणि ग्रंथालय प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पहिल्या संधीला करा. तो नसेल तर पुढं प्रत्येक ठिकाणी अडतं.

धारणी तालुका, अमरावती

अकोल्याच्या दादांशी पूर्ण सहमत. आमच्याकडे याच कारणानं जागा बरेच दिवस रिकामी होती. त्या काळात शिपाईदादांनी दार एक दिवस बंद ठेवलं नाही. त्यांना वर्गीकरण येत नव्हतं, पण कोणता कोरकू पोरगा कुठलं पुस्तक मागतो ते पाठ होतं. कोणी त्यांचं नाव पुरस्कारासाठी सुचवेल का?

दारव्हा तालुका, यवतमाळ

पुन्हा लिहिते, एक राहिलंच. वाचनालयाचा ई-मेल आणि बँकेचं खातं काकाजींच्या मोबाईलला जोडलेलं होतं. ओटीपी त्यांना जायचा आणि ते मुलाकडे पुण्याला. दरवेळी फोन करून आकडा विचारायचा. शेवटी संस्थेच्या नावानं वेगळं सिमकार्ड घेतलं आणि ते टेबलाच्या कप्प्यातल्या साध्या फोनमध्ये ठेवलं. बँकेत नंबर बदलायला कार्यकारिणीचा ठराव, नवीन सही करणाऱ्यांचे कागद आणि संस्थांची नोंदणी असते त्या धर्मादाय कार्यालयात दाखल केलेल्या बदल अर्जाची प्रत मागितली. माणूस जायच्या आधीच हे करून घ्या. धारणीच्या ताई, शिपाईदादांचं नाव सुचवायचं असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात अर्जाचा नमुना मिळेल. उत्कृष्ट सेवकासाठी ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचा पुरस्कार आहे. कागद जमवायला मी मदत करीन.