पिल्लाची आई बघितल्याशिवाय टोकन टाकू नका

लॅबची_आई: काल इथे एकाने लिहिलं की कुत्र्याचं पिल्लू घेताना ब्रीडरच्या घरी जाणं, आईबाप बघणं, एक्स-रे मागणं हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले, फोटो बघा, टोकन टाका, पिल्लू जगायचं असेल तर जगतं. "जगायचं असेल तर" वाचून डोकंच फिरलं म्हणून लिहितेय.

आम्ही लॅब्रॅडॉरचं पिल्लू असंच आणलं होतं. जाहिरातीत "हेवी बोन, पंच फेस, शो क्वालिटी", नऊ हजार. घरी पाहुणे आहेत म्हणून कात्रजच्या पुढे पेट्रोल पंपावर डिलिव्हरी, केळ्याच्या खोक्यात. म्हणे 45 दिवसांचं. डॉक्टरांनी दात बघितले, म्हणाले जेमतेम महिन्याचं असेल. चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब, पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग. सलाईनची सुई निघू नये म्हणून पायावर लेकीचा सॉक्स चढवला होता, तो सॉक्स तसाच परत आला. त्या माणसाचा फोन बंद.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांच्या ओळखीने गेलो तर त्या बाईंनीच आमची मुलाखत घेतली, दिवसभर घरी कोण असतं, गावाला जाता तेव्हा काय करणार. आई समोर आली, अंगावर आली नाही की घाबरून लपली नाही. आईबाप दोघांच्या हिपचे, म्हणजे खुब्याचे, एक्स-रे होते. 7 महिने थांबलो. आणि कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, म्हणजे 45 दिवस सांगणारा नियम मोडतोय हे स्वतःच सांगतोय!

रानातला_ब्रीडर: ताई, नियम आम्हाला पण माहितीयेत. माझ्याकडे दोन फीमेल, घरात वाढलेल्या. 56 दिवस म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं एवढं मोठं झाल्यावर माया लागणार नाही, महिन्याचं द्या, एकाला तर पाडव्याला बायकोला गिफ्ट द्यायचं होतं, नाही म्हटलं तर शिव्या घातल्या. आणि रविवारी चार ठिकाणची पिल्लं हाताळून पाचव्या घरी येणारे तुमच्यासारखे जागरूक लोक, त्यांच्या चपलांना पार्व्हो चिकटून येत नाही का?

लॅबची_आई: चपलांचं खरंय. त्या बाईंनीही पिल्लांना हात लावू दिला नव्हता. पण आई तर अंगणात आणून दाखवता येते ना? तीही नसेल दाखवत तर पिल्लं तिथली नाहीतच.

पेपरवाला: केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा, पेपर आणि मायक्रोचिप बघा, विषय संपला.

लॅबची_आई: पेपर वंशावळ सांगतो, तब्येत नाही.

गावठी_झिंदाबाद: मुळात विकत घ्यायचंच कशाला, माझी राणी कचराकुंडीपाशी मिळाली, 11 वर्षं झाली.

मिरजकर: किंवा आपला मुधोळ हाउंड घ्या की, देशी शिकारी कुत्रा. लॅबला मे महिन्यात एसी लावून देता आणि वर हिपचे एक्स-रे.

उदगीरचा_पावणा: मुधोळ नाही, कारवानी. आमच्या मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ससे धरतोय तो, तुम्ही नाव कर्नाटकातल्या मुधोळला देऊन टाकलं.

मिरजकर: 2005 च्या पोस्टाच्या तिकिटावर मुधोळ छापलंय. तुमच्याकडे काय पुरावा?

उदगीरचा_पावणा: केसीआयच्या रजिस्टरला कॅरव्हान हाउंड आहे, डोळे उघडून बघा. मुधोळच्या एका संस्थानिकाने पाळला म्हणून जात त्याची होत नाही.

मिरजकर: ते संस्थानिक घोरपडे, मराठेच. जात टिकवली त्यांनी, तेव्हा तुमचे लोक कुठे होते?

उदगीरचा_पावणा: आमचे लोक मेंढरामागे होते, कुत्र्यासकट. फोटो काढायला वेळ नव्हता साहेब.

रानातला_ब्रीडर: अरे भांडताय काय, लॅबचा धागा आहे.

उदगीरचा_पावणा: थांबा दादा. मिरजकर, तुमचा टाका ना फोटो, बघू तरी तुमचा मुधोळ.

मिरजकर: टाकलाय.

उदगीरचा_पावणा: हा?? कंबर बघा, पोट बघा. हाउंडचं पोट आत ओढलेलं असतं, हा तर पंगतीतून उठल्यासारखा दिसतोय. शेपटीला झुपका पण आहे. कितीला घेतला?

मिरजकर: बारा हजार. तेव्हा बारीक होता.

लॅबची_आई: दादा, चिडू नका, पण आई बघितली होती का?

मिरजकर: व्हॉट्सॲपवर पाठवली होती.

लॅबची_आई: कुणाची?

मिरजकर: बरं, कळलं. कुत्रा चांगला आहे माझा. टोकन टाकून घेतला, तरी चांगलाच आहे.