मदत हवी आहे: जुनं चित्र काचेला चिकटलंय

पावसाळी_डोंबिवली: आजोबांच्या खोलीतलं दिल्लीच्या वेढ्याचं चित्र उतरवलं. भिंतीला ओल होती. मागचा पुठ्ठा काढला तर चित्र वरच्या कोपऱ्यात काचेला घट्ट. फ्रेमवाला ब्लेडने सोडवतो म्हणतोय, उद्या ११ ला येईल. हो की नाही, एवढंच सांगा.

मोडीमित्र: आकार? छापील की हाताने काढलेलं? फोटो टाका.

पावसाळी_डोंबिवली: छापील. तोफा, सैनिक, मागे तट. फोटोत नुसती काच चमकते. खाली बारीक इंग्रजी आहे.

कागदकिडा: मग ते वाचा की!

तोफखाना: लेफ्टनंट मेकॅमचं असणार. लखनौच्या रेसिडेन्सीत तो स्वतः अडकला होता. १८५८ मध्ये लंडनच्या डे अँड सनने छापलं. माझ्याकडे त्यातलं एक आहे.

मोडीमित्र: अहो, ते दिल्ली म्हणतायत. लखनौला इंग्रज आत, आपले शिपाई बाहेर. दिल्लीला उलटं. १८५७ च्या जूनपासून इंग्रज शहराबाहेरच्या रिजवर, म्हणजे टेकडीवर, ठाण मांडून होते, १४ सप्टेंबरला काश्मिरी दरवाजा उडवून आत घुसले. चित्रात तट मागे आहे, म्हणजे काढणारा बाहेर उभा.

तोफखाना: दिल्ली हे यांच्या घरातलं म्हणणं. आमच्याकडे शनिवारवाड्याच्या चित्राला वीस वर्षं रायगड म्हणायचे.

वरसईकर: वेढ्यावरून आठवलं, आमचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात अडकले होते. चित्रं इंग्रजांनी काढली, पण शहराच्या आत काय चाललं होतं ते भटजींनी लिहिलं.

पावसाळी_डोंबिवली: झाशी नको. भिंगाने वाचलं: कॅप्टन अ‍ॅटकिन्सन, खाली डे अँड सन. ब्लेड चालेल का?

तोफखाना: छापणारे तेच, बघा!

कागदकिडा: ब्लेड नको! जॉर्ज फ्रँकलिन अ‍ॅटकिन्सन, बंगाल इंजिनिअर्सचा अधिकारी. १८५९ च्या संचात २६ चित्रं होती, सगळी शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली. आता भिंगातून आकाश बघा. ओळीने सारखे ठिपके दिसले तर अलीकडची नक्कल, मग खुशाल ब्लेड चालवा. खडू घासल्यासारखा वेडावाकडा दाणा दिसला तर हात आवरा. शिळेची शाई तेलकट, ती पाण्याला दाद देत नाही. पण वरून हाताने जलरंग भरले असतील तर गोष्ट वेगळी.

नंदूमावशी: दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. माझ्या लग्नाचे फोटो अल्बमला चिकटले होते, सगळे सुटले.

कागदकिडा: ताई, ते फोटो होते.

नंदूमावशी: चिकटलेलं ते चिकटलेलंच ना?

कायदेपंडित: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. लक्षात असू द्या.

पावसाळी_डोंबिवली: डोंबिवलीबाहेर कोण नेतंय? दाणाच आहे. खालची बाजू सुटी आहे, म्हणून एका सैनिकाच्या लाल कोटावरून ओलं बोट फिरवलं. बोट लाल झालं.

कागदकिडा: बोट फिरवायला कोणी सांगितलं होतं?! म्हणजे रंग हाताने भरलेले आहेत. वाफ नको, पाणी नको, फ्रीझर तर नकोच. काचेसकट आडवं ठेवा, उन्हात नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. आणि फ्रेमवाल्याला आत्ता फोन लावा.

पावसाळी_डोंबिवली: लावला. म्हणतो आगाऊ घेतलेले पाचशे परत मिळणार नाहीत.