हळदीच्या पाकिटासाठी मदत हवीय, अर्जंट

हळदवाली_वाळवा:
नमस्कार मंडळी. घरच्या हळदीची पावडर करून विकतो आम्ही, दोन वर्षं झाली. आता पाकिटाच्या तक्रारी यायला लागल्यात आणि नवीन लॉट छापायला टाकायचाय, प्रिंटिंगवाला रोज फोन करतोय. कुठलं पाकीट घेऊ? लवकर सांगा प्लीज.

मिरजकर७:
ताई, किती ग्रॅमचं? आत्ता कसलं आहे? आणि तक्रार नेमकी काय? एवढ्यावर कोण काय सांगणार.

कृष्णाकाठ:
सरळ काचेची बरणी घ्या. माझं लोणचं बरणीतच जातं, रिकामी झाली तरी बाया जपून ठेवतात, नाव घरात राहतं.

कराडचा_मध:
काच कुरिअरला चालत नाही हो. मी पुण्याला मधाच्या पाच बाटल्या पाठवल्या, दोन फुटून सगळा खोका चिकट. आणि पावशेर हळदीला बरणीचा खर्च कोण देणार?

कृष्णाकाठ:
तुमचं पॅकिंग कच्चं असणार. माझी एक फुटलेली नाही.

कराडचा_मध:
तुम्ही गावातल्या गावात विकता, म्हणून.

निवांत_सांगली:
पाकिटावर एमआरपी, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, एफएसएसएआय नंबर आणि तक्रारीसाठी फोन नंबर आहे ना? सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्याशिवाय तो लोगो छापू नका.

हळदवाली_वाळवा:
लोगो नाही हो, बाकी सगळं आहे. सांगायचं राहिलं, 200 ग्रॅमचं उभं राहणारं पाउच आहे, झिपवालं, पुढं पारदर्शक खिडकी, रंग दिसावा म्हणून मीच हट्टानं घेतलेली. तक्रार अशी की झिप दोनदा उघडली की लागतच नाही, आणि दुकानदार म्हणतो खिडकीजवळची हळद फिकी पडलीय, भेसळ आहे का. भेसळ म्हटलं की जिवाला लागतं, राजापुरी जातीची आहे, आम्ही स्वतः शिजवून वाळवतो.

मिरजकर७:
मग सापडलं की. ओतताना झिपच्या खाचेत पावडर बसते, ती भरली की झिप धरत नाही. पावडरसाठी वेगळी झिप मिळते, पण महाग पडते. आणि उजेडानं हळदीचा रंग उडतो, त्यातलं कुरकुमिन उजेडाला टिकत नाही. खिडकी काढा.

निवांत_सांगली:
सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची पेवं आठवली. जमिनीत खोल, वरनं तोंड बंद, उजेड नाही हवा नाही, हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची. आमच्या आजोबांचं एक पेव होतं, 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि सगळं गेलं. त्यानंतर कितीतरी पेवं परत भरलीच नाहीत.

कराडचा_मध:
निवांतराव, पेव राहू द्या, पाकिटाचं बोला.

मिरजकर७:
पाकिटाचंच बोलतायत ते. आत फॉइलचा थर असलेलं, खिडकी नसलेलं घ्या म्हणजे तेच झालं. पण ताई, आधी एखाद्या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात उभं राहून बघा पाकीट कसं वापरतात ते.

हळदवाली_वाळवा:
काल आत्याकडं गेले होते मुद्दाम. तिनं झिपला हातच लावला नाही, कात्रीनं कोपरा कापला, मिसळणाच्या डब्यातल्या वाटीत ओतली, वाटी भरली आणि उरलेल्या पाकिटाची घडी घालून रबर लावून डब्यामागं ठेवलं. शेजारच्या काकूंचंही तसंच, म्हणाल्या वाटीला मावेल एवढंच पाकीट असतं तर बरं. ती वाटी मी घरी येऊन मोजली, जेमतेम 50 ग्रॅम बसते. झिपचे पैसे उगाच घालत होतो आम्ही. आता 50 ची चार छोटी फॉइल पाउच एका कागदी खोक्यात द्यायचा विचार आहे, बिनझिपची. रेट कुणाला माहितीय का?

कृष्णाकाठ:
बरणीचा विचार करा अजून.

मिरजकर७:
रेट मागवा, पण छापायच्या आधी कोरी पाउच आणून भरा, चार घरी द्या. एक नवीन आणि एक तुमचं खिडकीवालं, दोन्ही उन्हाच्या तावदानात पंधरा दिवस ठेवा, मग दोन्हीतली हळद पांढऱ्या कागदावर शेजारी ओतून दुकानदाराला दाखवा. प्रिंटिंगवाल्याला थांबू दे तोवर.